अठरा विरुद्ध अठरा

कॅरिबियनमधल्या त्रिनिदादमध्ये नाताळच्या आदल्या दिवशी घरोघरी पास्टेल उकडत असतात. मक्याच्या पिठाची पारी, आत मसालेदार खिमा, बाहेरून केळीचं पान. झाकण काढल्यावर येणारी ती पानाची वाफ कोकणातल्या कुणालाही ओळखीची वाटेल. 2001 सालच्या 24 डिसेंबरला मात्र देशाचे कान दुसरीकडे लागले होते. चौदा दिवसांपूर्वी, 10 डिसेंबरला, सार्वत्रिक निवडणूक झाली होती. कनिष्ठ सभागृहाच्या जागा 36. त्यांतल्या 18 बासदेव पांडे यांच्या युनायटेड नॅशनल काँग्रेसला मिळाल्या, 18 पॅट्रिक मॅनिंग यांच्या पीपल्स नॅशनल मूव्हमेंटला. तिसऱ्या कुणाला एकही नाही. पंतप्रधान कोण, याचं उत्तर मतपेटीतून निघालंच नव्हतं. अशा वेळी ते द्यायचं काम राज्यघटनेने एकाच माणसाकडे सोपवलेलं होतं. राष्ट्राध्यक्ष आर्थर रॉबिन्सन यांनी त्या दिवशी मॅनिंग यांचं नाव जाहीर केलं.

पांडे तेव्हा पंतप्रधान होते. देशभरातल्या मतांची बेरीज केली तर त्यांच्या पक्षाची मतं थोडी जास्तच भरत होती. रॉबिन्सन यांनी बोट ठेवलं ते घटनेच्या प्रास्ताविकावर. नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यांचा आदर आणि कायद्याचं राज्य असेल तरच माणसं आणि संस्था स्वतंत्र राहतात, अशा अर्थाचं एक वाक्य तिथे आहे. पांडे सरकारवर भ्रष्टाचाराचे आरोप होत होते, तेव्हा रोख कुणावर होता हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

रॉबिन्सन यांचं बरोबर होतं की चूक, यावर त्या देशात आजही दोन तट पडतात. मला त्यात कुठल्याच बाजूला बसायचं नाही. माझं म्हणणं इतकंच, की हा प्रश्न एका माणसाच्या टेबलावर येऊन पडला हीच मुळात चूक होती, आणि ती अजून कुणी दुरुस्त केलेली नाही.

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा दोन बेटांचा देश 31 ऑगस्ट 1962ला स्वतंत्र झाला आणि 1976ला प्रजासत्ताक. घटना लिखित आहे, मूलभूत हक्कांचं प्रकरण आहे, न्यायालयाला कायदे तपासायचा अधिकार आहे. तिच्या 76व्या कलमात पंतप्रधान नेमण्याची रीत दिली आहे. सभागृहात ज्या पक्षाचं बहुमत, त्या पक्षाच्या सभागृहातल्या नेत्याला राष्ट्राध्यक्षाने नेमायचं. कुणाचंच बहुमत नसेल तर ज्याला बहुसंख्य सदस्यांचा पाठिंबा मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त, असं राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या तारतम्याने वाटेल, त्याला. वाचताना यात काही वावगं दिसत नाही. पण अठरा विरुद्ध अठरा असताना 'शक्यता सर्वांत जास्त' कुणाची? दोघांचीही सारखीच, म्हणजे कुणाचीच नाही. कलम जिथे कामाला यायचं तिथेच हात वर करतं, आणि मागे उरतं ते फक्त तारतम्य. भरीला भर म्हणजे राष्ट्राध्यक्ष आपल्या पदाच्या कामाबद्दल कुठल्याही न्यायालयाला उत्तर द्यायला बांधील नाही, असंही हीच घटना सांगते.

लंडनमध्ये हा अधिकार राजाकडे असतो, पण त्याच्याभोवती दोन-तीनशे वर्षांच्या रूढींचं कुंपण आहे आणि राजाने मत मांडू नये ही त्यातली पहिली रूढी. वसाहती सोडताना ब्रिटिशांनी अधिकार कागदावर उतरवून दिला. कुंपण काही बोटीत घालून आणता येत नव्हतं.

रॉबिन्सन तरी कोण होते? मूळचे टोबॅगोचे. देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांच्या सरकारात अर्थमंत्री होते, 1970 साली बाहेर पडले. 1986ला त्यांच्या आघाडीने 36 पैकी 33 जागा जिंकल्या आणि ते पंतप्रधान झाले. पांडे त्यांच्याच मंत्रिमंडळात होते. 1988ला रॉबिन्सन यांनी त्यांना काढून टाकलं. 27 जुलै 1990ला जमात-अल-मुसलमीन या गटाचे सशस्त्र लोक रेड हाउसमध्ये, म्हणजे संसदेच्या इमारतीत, घुसले आणि पंतप्रधानांसह अनेकांना सहा दिवस ओलीस धरलं. सैन्याला माघार घ्यायला सांग, असं बंदूक रोखून फर्मावलं गेलं तेव्हा रॉबिन्सन यांनी उलट पूर्ण ताकदीने हल्ला करा असं सांगितलं. त्यांच्या पायात गोळी घातली गेली. या माणसाच्या धैर्याबद्दल शंका घेणाऱ्याने आधी स्वतःचा पाय बघावा.

पुढचं जास्त गुंतागुंतीचं. 1995च्या निवडणुकीत निकाल लागला 17, 17 आणि 2. त्या दोन जागा टोबॅगोच्या, रॉबिन्सन यांच्या पक्षाच्या. त्यांनी त्या पांडे यांच्या पारड्यात टाकल्या आणि पांडे देशाचे पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान झाले. 1997ला पांडे यांनी रॉबिन्सन यांना राष्ट्राध्यक्ष केलं. मग पुन्हा बिनसलं. डिसेंबर 2000ची निवडणूक पांडे यांनी 19 जागा घेऊन जिंकली आणि निवडणुकीत पडलेल्या सात उमेदवारांना सिनेटमधून, म्हणजे नेमणुकीने भरणाऱ्या वरिष्ठ सभागृहातून, आत घेऊन मंत्री करायचं ठरवलं. लोकांनी नाकारलेल्यांना मागच्या दाराने कशाला, म्हणत रॉबिन्सन यांनी त्या नेमणुका कित्येक आठवडे अडवून धरल्या. वर्षभरात पांडे यांचे तीन खासदार फुटले, सरकार कोसळण्याच्या बेतात आलं, आणि त्यातूनच ती डिसेंबर 2001ची निवडणूक लागली.

आता सांगा, या इतिहासानंतर पांडे यांच्याबद्दल पाटी कोरी ठेवून निर्णय घेणं कुठल्या माणसाला जमेल? मला जमलं नसतं. रॉबिन्सन यांनी कदाचित शंभर टक्के प्रामाणिकपणे ठरवलं असेल. पण तो प्रामाणिकपणा तपासायचा कुणी आणि कसा? अर्ध्या देशाने त्यावर नुसता विश्वास ठेवायचा होता.

आणि ते अर्धं नुसतं आकड्यातलं अर्धं नव्हतं. 30 मे 1845ला फतेल रझाक हे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन त्रिनिदादला लागलं. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून आणलेले हे गिरमिटिये, बहुतेक भोजपुरी मुलखातले. 2011च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक 35.4 टक्के, आफ्रिकी वंशाचे 34.2, आणि मिश्र वंशाचे जवळपास 23. पांडे यांच्या पक्षाला मतं मुख्यतः पहिल्या गटाची, मॅनिंग यांच्या पक्षाला दुसऱ्याची. त्यामुळे राष्ट्राध्यक्षाने एक नाव घेतलं की ऐकणाऱ्यांच्या कानावर ते दोन नेत्यांतली निवड म्हणून पडत नाही. दंगल झाली नाही, याचं श्रेय मी तिथल्या माणसांना देतो.

खरी फजिती झाली ती पुढच्या वर्षी. मॅनिंग यांनी शपथ घेतली, मंत्रिमंडळ बसवलं, कारभार सुरू केला, पण संसदेला सामोरं जायचं लांबवत नेलं. 5 एप्रिल 2002ला सभागृह एकदाचं रेड हाउसमध्ये भरलं. नव्या सभागृहाने सगळ्यांत आधी सभापती निवडायचा, त्याशिवाय दुसरं कुठलंही काम हाती घ्यायचं नाही, असा घटनेचा नियम. सभापती सदस्यच असला पाहिजे असंही नाही, बाहेरचा नागरिकही चालतो. तरीही जे नाव पुढे येई त्याला अठरा होकार आणि अठरा नकार. आकडे वाचून दाखवायचे, पुढचं नाव घ्यायचं, पुन्हा तेच आकडे. सभापती नाही म्हणून कामकाज नाही, कामकाज नाही म्हणून विश्वासदर्शक ठराव नाही. ऑगस्टच्या अखेरीला पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तेच. तिथलं आर्थिक वर्ष 30 सप्टेंबरला संपतं आणि संसदेशिवाय नवीन अर्थसंकल्प मंजूर होत नाही. गाडी अडली ती अखेर पैशापाशी. 7 ऑक्टोबर 2002ला फेरनिवडणूक झाली, मॅनिंग यांना 20 जागा मिळाल्या, पांडे यांना 16.

म्हणजे नऊ महिन्यांहून जास्त काळ एका संसदीय लोकशाहीत असं सरकार होतं ज्याने सभागृहात एकही मतदान जिंकून दाखवलेलं नव्हतं. लष्कराने उठाव केला नव्हता, आणीबाणी नव्हती, कुणी घटनेचं एक अक्षर मोडलं नव्हतं. सगळं कलमाबरहुकूम चाललं होतं. मला याचीच जास्त भीती वाटते.

गोव्यातल्या वाचकाला हे सगळं फार लांबचं वाटायला नको. गोवा आणि त्रिनिदाद-टोबॅगो यांची लोकसंख्या जवळपास सारखी, पंधरा लाखांच्या आसपास. विधानसभेच्या जागा 40, तिथल्या सभागृहाच्या आता 41. मार्च 2017मध्ये गोव्यात काँग्रेसला 17 आणि भाजपला 13 जागा मिळाल्या. राज्यपाल मृदुला सिन्हा यांनी सरकार बनवायला बोलावलं ते मनोहर पर्रीकरांना, कारण छोट्या पक्षांच्या पाठिंब्याची पत्रं त्यांच्याकडे होती. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने शपथविधी थांबवला नाही, पण 16 मार्चला विधानसभेत बहुमत सिद्ध करा असं सांगितलं. पर्रीकरांनी 22 विरुद्ध 16 मतांनी ते केलं. त्या बोलावण्यावर लोक अजून वाद घालतात आणि घालावा. पण शपथेनंतर दोन दिवसांत प्रश्न राजभवनातून उठून सभागृहात गेला होता आणि हात मोजून सुटला होता. 2019च्या नोव्हेंबरात मुंबईत त्या गाजलेल्या पहाटेच्या शपथविधीनंतरही न्यायालयाने हाच रस्ता दाखवला, आणि चाचणीच्या आदल्याच दिवशी राजीनामा आला. आपले राज्यपाल पोर्ट ऑफ स्पेनच्या, म्हणजे त्रिनिदादच्या राजधानीतल्या, राष्ट्राध्यक्षांपेक्षा निःपक्ष असतात, असं म्हणायची माझी हिंमत नाही. फरक माणसांचा नाही. आपल्याकडे त्यांच्या तारतम्याचं आयुष्य आठवड्याभराचं असतं, रॉबिन्सन यांच्या तारतम्याचं नऊ महिन्यांचं ठरलं.

रॉबिन्सन यांचे पाठीराखे यावर म्हणतात: कुणीतरी ठरवायलाच हवं होतं ना? राष्ट्राध्यक्षाने ठरवलं, देश शांत राहिला, पुढे लोकांनीच त्या निवडीवर शिक्कामोर्तब केलं. हा मुद्दा मी हलका समजत नाही. कोंडीच्या वेळी कुणीच काही न ठरवणं हाही एक निर्णयच असतो आणि बहुतेक वेळा वाईट. पण 'कुणीतरी' आणि 'एकानेच, बंद दाराआड, कारणं द्यायची सक्ती नसताना' यांत पुष्कळ जागा आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीत समान मतं पडली की ईश्वरचिठ्ठी काढतात. हसण्यासारखं वाटतं, पण चिठ्ठीचा एक गुण आहे: ती काढणार हे दोन्ही उमेदवारांना आधीपासून माहीत असतं आणि चिठ्ठीला कुणाशी जुना हिशेब चुकता करायचा नसतो.

त्रिनिदादने या प्रकारातून धडा घेतला तो असा: 2007च्या निवडणुकीपासून जागा 36च्या 41 केल्या. विषम संख्या, म्हणजे बरोबरी नाही! रोग्याला ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यातला प्रकार. त्याच निवडणुकीत काँग्रेस ऑफ द पीपल या नव्या पक्षाला पाचातल्या एकाहून जास्त मतदारांनी मतं दिली आणि जागा मिळाली शून्य. 1981लाही असंच घडलं होतं, तिसऱ्या पक्षाला 22 टक्क्यांच्या आसपास मतं, जागा एकही नाही. जास्त मतं त्याची जागा, या पद्धतीत वंशाच्या दोन पेट्यांबाहेर उभा राहणारा माणूस जिंकतच नाही. मग दोनच पेट्या उरतात, आणि त्या समसमान भरल्या की कोंडी होते.

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. 1971 साल घ्या. मराठी माणसाला ते साल पोर्ट ऑफ स्पेनसाठीच आठवतं. मार्चमध्ये क्वीन्स पार्क ओव्हलवर सुनील गावसकरने पदार्पण केलं, वाडेकरांच्या संघाने सामना जिंकला, आणि एप्रिलमध्ये त्याच मैदानावर गावसकरने 124 आणि 220 काढले. त्याच शहरात पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली. विरोधकांनी बहिष्कार टाकला, मतदान झालं 33 टक्के, आणि विल्यम्स यांच्या पक्षाने सगळ्याच्या सगळ्या 36 जागा घेतल्या. विरोधी बाकावर बसायला माणूस नाही. या लाजिरवाण्या विजयानंतर सर ह्यू वुडिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. 1974 साली त्याने अहवाल दिला आणि काही जागा मतांच्या प्रमाणात वाटाव्यात असं सुचवलं. विल्यम्स यांनी ती सूचना फेटाळली. बहुमताच्या यंत्राने ज्याला सगळं दिलं, त्याच्याच हाती ते यंत्र मोडायला दिल्यावर दुसरं काय होणार? त्यानंतर आणखी समित्या झाल्या, 2024मध्येही एक नेमली गेली. अहवाल येतात आणि कपाटात जातात.

इथवर मी बोललो ते बहुमत नसताना काय होतं याबद्दल. बहुमत असताना चित्र उलटं होतं, आणि तेही फार बरं नाही. राष्ट्राध्यक्षाची निवड दोन्ही सभागृहं मिळून करतात. कनिष्ठ सभागृहात 41, सिनेटमध्ये 31, मिळून 72. सिनेटमध्ये निवडणूक नाही: 16 जण पंतप्रधानाच्या सल्ल्याने, 6 विरोधी पक्षनेत्याच्या सल्ल्याने, 9 राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या निवडीने. आता बेरीज करा. काठावरचं बहुमत म्हणजे 21, त्यात सिनेटमधले 16, झाले 37. बहात्तरचं अर्धं 36. एका जागेच्या बहुमतावर आलेला पंतप्रधानही आपला राष्ट्राध्यक्ष निवडून आणू शकतो. 2023मध्ये सिनेटच्या अध्यक्षा क्रिस्टीन कांगालू 48 विरुद्ध 22 मतांनी निवडून आल्या. निवडीच्या वेळी जो पक्ष सत्तेत होता, त्याच्याच त्या एकेकाळी मंत्री होत्या. त्यांच्या कामाबद्दल मला काहीच म्हणायचं नाही. पण उद्या अठरा-अठरासारखा निकाल लागला तर तारतम्य त्या पदावरच्या व्यक्तीचं चालणार, आणि ती व्यक्ती तिथे बहुमताच्या जोरावरच पोचलेली असणार.

शिवाय सभागृह लहान. सरकारी बाकांवर बावीस-पंचवीस खासदार, आणि मंत्री वीसच्या वर असणं ही तिथली नित्याची गोष्ट. काही मंत्री सिनेटमधून येतात हे धरलं तरी सत्ताधारी बाजूला मंत्री नसलेला, म्हणजे आपल्याच सरकारला प्रश्न विचारायला मोकळा असलेला, खासदार शोधावा लागतो. आपल्याकडे 2003च्या घटनादुरुस्तीनंतर मंत्र्यांवर मर्यादा आली, गोव्यात ती बाराची आहे. बारा मंत्र्यांत गोवा चालतो, तेवढ्याच लोकसंख्येच्या देशाला याच्या दुप्पट का लागतात? देशाला परराष्ट्र खातं लागतं, संरक्षण लागतं, कबूल. पण ही संख्या खात्यांच्या गरजेने वाढत नाही, खासदार गप्प राहावेत या गरजेने वाढते.

2021मध्ये पोलिस आयुक्ताच्या नेमणुकीचं जे झालं तेही याच बहुमताच्या साखळीतलं. पोलिस सेवा आयोगाने नावं सुचवायची, राष्ट्राध्यक्षाने ती सभागृहाकडे पाठवायची, सभागृहाने मंजुरी द्यायची. आयोगाचे सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात, पण त्यांनाही सभागृहाचीच मंजुरी लागते. दोन्ही टोकांना बहुमत बसलेलं. त्या वर्षी नावांची यादी राष्ट्राध्यक्षांच्या निवासापर्यंत गेली आणि सभागृहात पोचण्याआधीच मागे घेतली गेली. आयोगाचे सदस्य एकामागून एक राजीनामे देऊन गेले, आयोगच उरला नाही. विरोधकांनी राष्ट्राध्यक्षांच्या चौकशीची मागणी केली, ती दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत फेटाळली गेली. स्वतंत्र म्हणून उभारलेल्या संस्था पहिल्या जोरकस धक्क्यात कशा पत्त्यांसारख्या कोसळतात, ते सगळ्यांनी पाहिलं.

या घटनेत मला मनापासून आवडणारी एकच गोष्ट आहे: ते नऊ स्वतंत्र सिनेटर. वकील, प्राध्यापक, डॉक्टर, कामगार चळवळीतली माणसं. मूलभूत हक्कांना कात्री लावणारा कायदा करायचा तर दोन्ही सभागृहांत तीन-पंचमांश मतं लागतात. सिनेटमध्ये ती संख्या होते 19. सरकारचे 16. उरलेले तीन विरोधकांतून किंवा या नवांतून मिळवावे लागतात. एप्रिल 2025च्या निवडणुकीनंतर कमला पर्साद-बिसेसर 26 जागा घेऊन पुन्हा पंतप्रधान झाल्या. कनिष्ठ सभागृहात तीन-पंचमांशाला 25 पुरतात, म्हणजे तिथला दरवाजा उघडाच. कडी आहे ती सिनेटच्या दाराला.

तुम्ही म्हणाल, या नवांनाही राष्ट्राध्यक्षच नेमतो, तेही तारतम्यानेच ठरवतात, मग ते चालतं आणि रॉबिन्सन यांचं का चालत नाही? कारण ते नऊ आहेत. कारण त्यांना उभं राहून, नाव घेऊन, कारण देऊन मत द्यावं लागतं आणि शब्दन् शब्द कामकाजाच्या इतिवृत्तात छापला जातो. कारण पंतप्रधान आपल्या सोळा जणांना हवं तेव्हा घरी पाठवू शकतो, यांना नाही. तारतम्याला माझा विरोध नाही. माणसाशिवाय राज्य चालत नाही आणि तारतम्याशिवाय माणूस. मला अडतं ते एकट्याच्या आणि न बोलणाऱ्या तारतम्यापाशी.

अवघड प्रश्न आदरणीय त्रयस्थाच्या पदरात टाकायची ही सवय न्यायदानातही दिसते. कॅरिबियन न्यायालय 2005 साली सुरू झालं, त्याचं मुख्यालय पोर्ट ऑफ स्पेनमध्येच, हेन्री स्ट्रीटवर आहे. बार्बाडोस, गयाना, बेलीझ, डॉमिनिका, सेंट लुसिया यांची अंतिम अपिलं तिथे चालतात. यजमान देशाची अपिलं मात्र अजून लंडनला, प्रिव्ही कौन्सिल या तिथल्या अपील न्यायालयाकडे जातात. खुनाला फाशी सक्तीची असावी का, हा प्रश्न 2004ला लंडनमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सुटला: जुने कायदे हक्कांच्या कचाट्यातून वाचवणारं कलम घटनेत आहे, म्हणून सक्ती कायम. 2022ला पुन्हा तेच. 1999नंतर त्रिनिदादमध्ये एकही फाशी झालेली नाही, शिक्षा मात्र न्यायाधीशाला सुनवावीच लागते. लंडन सोडायचं तर कनिष्ठ सभागृहात तीन-चतुर्थांश, म्हणजे 31 मतं हवीत, आणि ती दोन्ही मोठे पक्ष एकत्र आल्याशिवाय जमत नाहीत. बरेच नागरिक लंडनच बरं असं म्हणतात. आपल्या लहान बेटावर न्यायाधीश कुणाचा तरी मेहुणा निघतो, ही त्यामागची भीती. मला ती खोटी वाटत नाही, पण दीड कोटीच्या शहरातही न्यायाधीशाला मेहुणे असतात.

तर काय करावं? राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा, असं सुचवणारे बरेच आहेत. मला तो उपाय रोगापेक्षा वाईट वाटतो. दोन वंशांच्या देशात थेट निवडणूक म्हणजे आणखी एक अठरा-अठरा, आणि जिंकणाऱ्याच्या हाती लोकमताचा दंडुका. मी उलट म्हणेन, त्या पदावरून हे ओझंच उतरवा. पंतप्रधान सभागृहाने निवडावा, उघड मतदानाने. सभापतीच्या निवडीत बरोबरी झाली तर खुशाल ईश्वरचिठ्ठी काढा, खुर्चीवर कोण बसतो यापेक्षा खुर्ची भरणं महत्त्वाचं. आणि मुदत घाला. स्कॉटलंडच्या संसदेला निवडणुकीनंतर 28 दिवसांत फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथला सरकारप्रमुख, सुचवावा लागतो, नाही जमलं तर पुन्हा निवडणूक. वेस्टमिन्स्टरच्याच, म्हणजे ब्रिटिश संसदेच्याच, घरात वाढलेल्या संसदेसाठी हे लिहून ठेवलेलं आहे, तर वसाहतीने का ठेवू नये? तेवढे दिवस जुनं सरकार हंगामी म्हणून राहील, नेमणुका नाहीत, मोठे खर्च नाहीत. 2001ला यात पांडे यांचा फायदा झाला असता, चार आठवड्यांचा. तो मला नऊ महिन्यांपेक्षा स्वस्त वाटतो.

नियम लिहून ठेवले नाहीत तर काय होतं, याचा दुसरा प्रयोग याच देशात वीस वर्षांनी झाला. टोबॅगो बेटाची स्वतःची विधानसभा आहे, तेव्हा 12 जागांची. जानेवारी 2021च्या निवडणुकीत निकाल लागला सहा-सहा. पीठासीन अधिकारी निवडायला सदस्य बसले: सहा मतं, सहा मतं. पुन्हा बसले, पुन्हा तेच. रेड हाउसमधलं 2002 जसंच्या तसं, फक्त आकडे तिसऱ्या हिश्श्याचे. यावर पोर्ट ऑफ स्पेनच्या संसदेने काय केलं असेल, ते तुम्ही ओळखलं असेलच. जागा 15 केल्या. डिसेंबरात फेरनिवडणूक झाली, एका पक्षाला 14 आणि दुसऱ्याला 1, त्यामुळे विषम संख्येची परीक्षा झालीच नाही. कधीतरी निकाल सात, सात आणि एक अपक्ष असा लागेल, आणि पहिल्या बैठकीच्या सकाळी तो अपक्ष तापाने फणफणलेला असेल. मग कुणीतरी उभं राहून पुन्हा तेच वाचून दाखवेल: बाजूने सात, विरोधात सात.